हिटलरच्या तावडीतून सुटलेले ज्यू आपल्याकडे आले होते का?

प्रश्न : नातीबरोबर अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचली. तिने विचारले, "आजोबा, हे ज्यू लोक पळून आपल्याकडे का नाही आले?" मला उत्तर देता आले नाही. वडिलांच्या तोंडी 'साताऱ्याचा जर्मन कँप' असा शब्द येई. तिथे कोण होते? कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे लोक राहिले, ते ज्यूच ना? आणि सातारा-सांगली भागाचा या सगळ्याशी खरोखर काही संबंध आहे का?
— एक वाचक, विटा

उत्तर : वळिवड्यापासून सुरुवात करतो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. बायका, मुले आणि म्हातारी माणसेच जास्त. ती बहुतेक सगळी कॅथलिक. ज्यू असतील ते अगदी थोडे. शिवाय ही मंडळी हिटलरच्या हातून सुटून आली नव्हती, स्टालिनच्या हातून सुटून आली होती. १९३९ साली जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने पोलंड आपसांत वाटून घेतला. पूर्वेचा भाग रशियाकडे गेला आणि तिथली लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सैबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकली. पुढे १९४१ साली हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा या पोलिशांची सुटका झाली. इराणमार्गे त्यांतले काही हिंदुस्थानात पोचले. मुलांची पहिली तुकडी जामनगरजवळ बालाचडीला तिथले राजे जामसाहेब यांनी ठेवून घेतली. मोठी वस्ती झाली ती वळिवड्याला. क्षयाची भीती असलेल्या मुलांसाठी आपल्या पाचगणीला आरोग्यकेंद्र होते. म्हणजे सातारा जिल्ह्यात पोलिश मुले होती हे खरे, पण त्यांची कथा वेगळी. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ याच लोकांचा आहे.

आता 'जर्मन कँप'.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. लगोलग देशभरातल्या जर्मन नागरिकत्वाच्या पुरुषांची धरपकड सुरू झाली. ऑस्ट्रिया आदल्याच वर्षी जर्मनीने गिळला होता, त्यामुळे व्हिएन्नाची माणसेही आपोआप जर्मन ठरली. पोलिसांच्या यादीत कंपन्यांचे एजंट होते, इंजिनिअर होते, मिशनरी होते, उघडउघड नाझी पक्षाचे सभासद होते. आणि त्याच यादीत हिटलरच्या भीतीने घरदार सोडून मुंबईला आलेले ज्यू डॉक्टर आणि दुकानदारही होते. १९३८ च्या ऑक्टोबरपासून जर्मन सरकार ज्यूंच्या पासपोर्टावर लाल रंगाचे मोठे 'जे' अक्षर मारीत असे. जर्मनीच्या लेखी तो माणूस जर्मन नव्हता. हिंदुस्थान सरकारच्या लेखी मात्र तो जर्मनच, म्हणजे शत्रूराष्ट्राचा नागरिक. पकडलेल्यांना अहमदनगरला नेऊन ठेवले. ज्याच्यामुळे पळून आलो, त्याच पक्षाच्या माणसाशेजारी कॉट मिळण्याची वेळ कित्येकांवर आली.

सरकारला हा घोळ कळत नव्हता असे नाही. छाननी करण्यासाठी सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने एकेकाची चौकशी केली आणि बऱ्याच ज्यूंची काही महिन्यांत सुटका झाली. पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, इंग्रजांचे धाबे दणाणले आणि सुटलेल्यांतल्या काहींना पुन्हा आत जावे लागले. मुख्य छावणी पुढे डेहराडूनला गेली. तिथे नाझी, नाझीविरोधी आणि इटालियन यांचे विभाग तारेचे कुंपण घालून वेगळे केलेले होते. 'सेव्हन इयर्स इन तिबेट'वाला हाइनरिश हारर १९४४ साली पळाला तो याच छावणीतून.

ज्यांच्यापासून धोका नाही असे सरकारला वाटे, त्यांच्यासाठी आणि बायकामुलांसाठी 'पॅरोल कँप' होते. ठरलेल्या हद्दीबाहेर जाणार नाही अशी हमी द्यायची, हजेरी लावायची, बाकी जगणे आपले आपण. असा एक कँप पुरंदर किल्ल्यावर होता. गोऱ्या सोल्जरांच्या आरोग्यधामासाठी बांधलेल्या बराकी तिथे आयत्याच होत्या. जर्मन ज्यू कुटुंबे आणि जर्मन मिशनरी तिथे शेजारी शेजारी राहिली. दुसरा कँप साताऱ्याला. तुमच्या वडिलांनी ऐकला असेल तो हाच. तिथली मिशनरी कुटुंबे युद्ध संपल्यावरही लगेच सुटली नाहीत. १९४६ मध्ये त्यांची मायदेशी रवानगी झाली.

'कँप' म्हटले की आज डोळ्यांपुढे आउश्विट्झ येते. तसे इथे काही नव्हते, हे स्वच्छ सांगायला हवे. खायला होते, टपाल येत-जात होते, मुलांना शिकवायची सोय लोकांनी आपसांत केली होती. पुरंदरावर अडकून पडलेल्यांत बडोद्याच्या संग्रहालयाचे काम पाहणारे कलेतिहासकार डॉ. हर्मान गोएट्झ हे एक होते. त्यांनी बसल्या बसल्या किल्ल्याचाच अभ्यास केला आणि तो १९४९ साली प्रसिद्धही केला. पुरंदरच्या तहाबद्दल आपल्याकडे पोरासोरांनाही माहिती असते. शत्रू म्हणून गडावर ठेवलेल्या एका जर्मनाने त्या गडावर लिहिले, हे मात्र गडप्रेमींच्याही फारसे गावी नसते.

एक गोष्ट तरीही खटकते. नोव्हेंबर १९४१ मध्ये हिटलरच्या सरकारने फतवा काढला : देशाबाहेर राहणाऱ्या सगळ्या ज्यूंचे जर्मन नागरिकत्व रद्द, मालमत्ता जप्त. म्हणजे त्या दिवसापासून पुरंदरावरचा ज्यू माणूस कुठल्याच देशाचा उरला नाही. ज्या नागरिकत्वासाठी तो गडावर डांबलेला होता, ते जर्मनीने काढून घेतले होते. गडावरून सुटका मात्र त्याने झाली नाही.

आता तुमच्या नातीचा प्रश्न. का नाही आले? यायला दारे उघडी हवीत. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देशांचे प्रतिनिधी याच प्रश्नासाठी जमले. ज्यूंबद्दल हळहळ सगळ्यांनी व्यक्त केली. माणसे घेण्याची वेळ आली तेव्हा एकट्या डोमिनिकन रिपब्लिकने ठोस आकडा सांगितला. हिंदुस्थानचा व्हिसा ब्रिटिशांच्या हातात. नोकरी तरी पक्की हवी, नाहीतर इथल्या कोणीतरी जामीन राहायला हवे. मुंबईत १९३४ साली ज्यू निर्वासितांच्या मदतीसाठी 'ज्यूइश रिलीफ असोसिएशन' निघाली होती, ती अशा हमी देई. मुंबईला आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल होते, बगदादी ज्यूंच्या पेढ्या होत्या. तरीही सगळा मिळून आकडा फार मोठा झाला नाही. ज्या शांघायला व्हिसाच लागत नव्हता, तिथे सतरा-अठरा हजार ज्यू जाऊन पोचले. इतक्या अवाढव्य हिंदुस्थानात त्याच्या आसपासही नाहीत. जवाहरलाल नेहरूंनी निर्वासितांना, विशेषतः शिकलेसवरलेल्या तज्ज्ञांना येऊ द्यावे असा आग्रह धरला होता, पण व्हिसाचा शिक्का नेहरूंच्या खिशात नव्हता. तेव्हा नातीला सांगा : बरेच जण आले असते, पण दारावर इंग्रज बसला होता आणि त्याला घाई नव्हती.

एवढे झाल्यावर तुमचा शेवटचा प्रश्न. सातारा-सांगलीशी खरा संबंध आहे का? आहे, आणि तो छावणीपेक्षा मोठा आहे. त्यासाठी औंधला जावे लागेल.

मॉरिस फ्रिडमन हा वॉर्साच्या ज्यू वस्तीत, गरीब घरात जन्मलेला माणूस. हुशारीच्या जोरावर विजेचा इंजिनिअर झाला. फ्रान्समध्ये काम करत होता. मैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माइल यांनी त्याला हेरले आणि बंगलोरच्या सरकारी विद्युत कारखान्यात आणले. १९३० च्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. म्हणजे तो निर्वासित म्हणून आला नाही. थिऑसॉफी, कृष्णमूर्ती, रमण महर्षी यांची ओढ त्याला आधीपासून होती. हिंदुस्थानात आल्यावर साहेबी थाट सुटला, खादी अंगावर आली, पुढे भगवी वस्त्रेही आली आणि लोक त्याला स्वामी भारतानंद म्हणू लागले. सेवाग्रामला तो गांधीजींच्या चरख्याच्या प्रयोगांत रमला. इंजिनिअरचा हात होता, चाती-चक्रात सुधारणा करायला त्याला आवडे.

बंगलोरलाच त्याची ओळख औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्याशी झाली. अप्पासाहेबांचे वडील म्हणजे सूर्यनमस्कारवाले राजे, बाळासाहेब उर्फ भवानराव पंतप्रतिनिधी. चित्रे काढणारे, कीर्तन करणारे, संग्रहालय उभारणारे राजे. औंध संस्थान म्हणजे बहात्तर गावांचे गाठोडे, आणि तेही एका जागी नाही. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत, गुणदाळ विजापूरकडे. लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. 'बनगरवाडी' कादंबरी वाचलेल्यांना या संस्थानचा माळ आणि मेंढरे डोळ्यांपुढे येतील.

नोव्हेंबर १९३८ मध्ये राजेसाहेबांनी जाहीर केले की सत्ता प्रजेच्या हाती सोपवतो. त्या घोषणेचा मसुदा फ्रिडमनचा. अप्पासाहेब आणि तो गांधीजींकडे गेले, तिथे राज्यघटनेची चर्चा झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये घटना लागू झाली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची समिती, तिथून विधिमंडळ. कारभाराचा बराच पैसा गावातच राहायचा, न्यायही शक्य तेवढा गावातच. राजाने स्वतःचा खर्च आवरायचा. ब्रिटिश हद्दीत मत द्यायला शेतसारा किंवा शिक्षण दाखवावे लागे, त्या काळातली ही गोष्ट.

आता घोषणेच्या त्याच महिन्यात जर्मनीत काय चालले होते ते पाहा. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री सबंध देशभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे पेटवली गेली, दुकाने फोडली गेली आणि जवळपास तीस हजार ज्यू पुरुष छळछावण्यांत नेले गेले. एका ज्यूने लिहिलेल्या घोषणेने माणदेशातल्या मेंढपाळाला कारभारात वाटा जाहीर झाला, तो महिना हाच.

फ्रिडमनची दुसरी करामत आटपाडीची. खून, दरोडे अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना त्याने आणि राजेसाहेबांनी भिंतीबाहेर काढायचे ठरवले. १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. ना कोट, ना कुंपण. कैद्यांनी बायकामुलांसह राहायचे, जमीन कसायची, कामाला बाहेर जायचे आणि वेळेला परत यायचे. ही वसाहत अजूनही आहे. आटपाडीला गेलात तर वाट वाकडी करून बघा. राजेसाहेबांच्या उदारपणाचे आपण कौतुक करतो, ते बरोबरच आहे. पण परक्या मुलखातून आलेल्या इंजिनिअरचे ऐकून खुनी माणसाला कुंपणाबाहेर ठेवणे, याला उदारपणाबरोबर छातीही लागते. त्या काळच्या कुठल्याही कलेक्टराने फाइलवर शेरा मारून ती बंद केली असती.

आणि या काळात फ्रिडमनच्या वॉर्साचे काय झाले? युद्धापूर्वी तिथे साडेतीन लाखांहून अधिक ज्यू होते, शहराच्या वस्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी त्यांना भिंत घालून कोंडले. साडेतीन चौरस किलोमीटरहूनही कमी जागा आणि आत चार लाखांवर माणसे. म्हणजे औंधसारखी पाच संस्थाने तेवढ्या जागेत. उपासमार आणि टायफसने रोज माणसे मरत. २२ जुलै १९४२ ला गाड्या सुटायला लागल्या. सप्टेंबरपर्यंत अडीच लाखांहून अधिक माणसे ट्रेब्लिंकाला नेऊन विषारी वायूने मारली गेली. उरलेल्यांनी एप्रिल १९४३ मध्ये बंड केले. हातात पिस्तुले, घरी बनवलेले बॉम्ब आणि मूठभर रायफली. जवळजवळ महिनाभर ते लढले. शेवटी वस्ती जाळून जमीनदोस्त करण्यात आली. युद्धापूर्वी पोलंडमध्ये तेहतीस लाख ज्यू होते, त्यांतले सुमारे तीस लाख मारले गेले.

याच वेळी आपल्याकडे चले जाव पेटले होते आणि कुंडलच्या परिसरात प्रतिसरकार उभे राहत होते. कुंडल औंध संस्थानातले. भूमिगतांना संस्थानच्या हद्दीचा आडोसा मिळाला, हे सांगली-साताऱ्याच्या जुन्या मंडळींना सांगायला नको.

तुम्ही विचाराल, जर्मन ज्यू पुरंदरावर आणि हा ज्यू औंधात मोकळा कसा? कारण साधे आहे. पोलंड हे इंग्रजांचे दोस्त राष्ट्र. पोलंडचा माणूस मित्र, मग तो ज्यू असो की कॅथलिक. व्हिएन्नाचा माणूस शत्रू, मग तो नाझी असो की नाझींनी हाकललेला. वळिवड्याच्या पोलिशांना पाहुण्यासारखे ठेवले गेले तेही म्हणूनच. कोणी काय भोगले याला किंमत नव्हती, पासपोर्ट कुठला याला होती. फ्रिडमनने स्वतः पोलिश निर्वासितांसाठी काम केले. त्याची मैत्रीण वांदा दिनोव्स्का, म्हणजेच उमादेवी, हीही त्यात होती. दोघांनी मिळून १९४४ साली 'पोलिश-भारतीय ग्रंथमाला' काढली आणि आपल्याकडचे वाङ्मय पोलिश भाषेत नेले.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तो कारभाराचा प्रयोग संपला. फ्रिडमन भारतातच राहिला. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले तेव्हा त्यांच्यासाठी धावला. उतारवयात गिरगावात खेतवाडीच्या माडीवर निसर्गदत्त महाराजांपुढे बसून त्याने त्यांची मराठी निरूपणे ऐकली आणि इंग्रजीत आणली. 'आय अ‍ॅम दॅट' हे १९७३ चे पुस्तक जगभर वाचले जाते. त्यावर अनुवादक म्हणून याचेच नाव आहे. मुंबईतच त्याचे निधन झाले. औंधच्या संग्रहालयातली चित्रे बघायला बसगाड्या भरून लोक येतात. त्यांतल्या कितींना हे नाव माहीत असेल?

एक राहिले. स्वतंत्रपूरच्या गोष्टीवरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली. ते स्वतः आटपाडी तालुक्यातले, औंधच्या शाळेत शिकलेले. व्ही. शांतारामांनी तिचा 'दो आँखें बारह हाथ' केला. तो १९५७ चा. दुसऱ्या वर्षी या चित्रपटाला परदेशातला मोठा मान मिळाला, रौप्य अस्वल. तो दिला बर्लिनच्या महोत्सवाने.

प्रश्न : गांधीजींनी ज्यूंना हिटलरविरुद्ध सत्याग्रह करायला सांगितले होते, हे खरे का?
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : खरे. २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये त्यांचा लेख आहे. पुन्हा तोच नोव्हेंबर. ज्यूंबद्दल त्यांना अपार सहानुभूती होती. दक्षिण आफ्रिकेतले त्यांचे जिवलग हर्मान कॅलनबाख ज्यूच होते. मानवतेसाठी कधी एखादे युद्ध योग्य ठरत असेल तर ते जर्मनीविरुद्धचे ठरेल, इथपर्यंत त्यांनी लिहिले. पण युद्ध त्यांना मान्यच नव्हते, म्हणून जर्मनीतच राहून सत्याग्रह करा असा सल्ला दिला. पॅलेस्टाइन अरबांवर लादू नये असेही त्यांचे मत त्याच लेखात आहे. तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांना लांब आणि कळकळीचे पत्र लिहून उत्तर दिले.

माझे मत विचाराल तर सल्ला चुकला. सत्याग्रहीला बघणारे कोणीतरी लागते : वर्तमानपत्र, न्यायालय, निदान थोडी लाज असलेला सत्ताधारी. ट्रेब्लिंकाच्या फलाटावर यांपैकी काहीच नव्हते. गाडीतून उतरलेली माणसे बहुतेक दोन-तीन तासांत मारली जात. अर्थात १९३८ च्या नोव्हेंबरात ट्रेब्लिंका अस्तित्वात नव्हते, तेव्हा गांधीजींना आज कोर्टात उभे करणेही योग्य नाही.

प्रश्न : एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर हिटलरचे आत्मचरित्र 'यशस्वी माणसांची चरित्रे' या रांगेत दिसते. ठेवू द्यावे का?
— एक शिक्षक, इस्लामपूर

उत्तर : ठेवू द्या, बंदीने आणखी खपेल. पण शेजारी वि. ग. कानिटकरांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' ठेवायला सांगा. 'हिटलरने निदान शिस्त तरी लावली' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मारलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा आधी सांगू नका. तो डोक्यात मावत नाही. त्याला वॉर्साच्या एका वस्तीचा, १९४० ते १९४३ एवढ्याच काळाचा हिशेब फळ्यावर मांडायला लावा.

आता वाचकांना एक विनंती. साताऱ्याच्या पॅरोल कँपची आठवण सांगणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. तिथे दूध, भाजी, लाकूडफाटा पोचवणारी, कपडे धुणारी, इमारतीत काम केलेली कुटुंबे सातारा शहरात नक्की असतील. सासवड आणि पुरंदरच्या पायथ्याच्या गावांतही असतील. घरात त्या काळचा एखादा फोटो, पावती, पत्र, परदेशी नाव कोरलेली वस्तू असेल तर रद्दीत जाऊ देऊ नका. फोटो काढून, आजी-आजोबांना आठवते ते दोन ओळींत लिहून या स्तंभाकडे पाठवा. आटपाडी-औंधकडच्या ज्या घरांत 'भारतानंद स्वामी' येऊन गेल्याचे कोणी सांगत असेल, त्यांनीही जरूर लिहावे.